चौदा पोस्टकार्डं

४ जानेवारी, शनिवार

ऋतुजाने आज प्रणितच्या तळहातात पेन्सिल खुपसली. टोक आतच मोडलं. वाचनालयाच्या बालविभागातल्या सतरंजीवर रक्त! कारण काय, तर त्याने तिच्या हातातलं देवमाशाचं पुस्तक ओढलं. मी ओरडले. फक्त ओरडले — तर ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन टेबलाखाली शिरली आणि म्हणाली, "तोंडावर नको."

नऊ वर्षांची आहे.

टोक मी चिमट्याने काढलं. प्रणित नाही, मीच रडत होते. तो वर मलाच सांगतो, "ताई, रडू नका. मला नाय दुखत."

६ जानेवारी, सोमवार

ऋतुजाची आई पूजा भेटायला आली. इथे रोह्यालगत वरसेला खोली घेऊन राहतात दोघी. ती मेसमध्ये पोळ्या लाटते. दिवाळीनंतर पेणहून पळून आली, नवऱ्याला न सांगता. नितेश नाव त्याचं. ओठ वर करून दाखवला — दोन दात नाहीत. "पोरीच्या नावानं टेम्पो घेतला, पोरीला खांद्यावरून उतरवत नाय. आन् तिच्याच समोर मला तुडवतो."

मग म्हणाली, "आमी रोह्याला हाव ते त्याला कळता नये. कळलं तर या खेपेला मारूनच टाकील. कोणाला बोलू नका हां, ताई."

शब्द दिला.

ऋतुजाच्या सभासद-अर्जावर पत्ता पेणचा आहे. मीच आधार मागितलं होतं. नियम! आमचे ग्रंथपाल दत्तात्रेयकाका तेव्हाच म्हणाले होते, "बाय गो, पोरीला पुस्तक देतेस का पासपोर्ट?"

१५ जानेवारी, बुधवार

मुदत संपली तरी पुस्तकं आली नव्हती, म्हणून चौदा मुलांच्या घरी पोस्टकार्डं लिहिली. सुवाच्य अक्षरात. प्रत्येकावर वाचनालयाचा शिक्का. पेटीत टाकून आले. जावक वहीत नोंदी करताना सहाव्या नावावर हात थांबला.

ऋतुजा. मु. पो. पेण. आणि शिक्क्यात ठसठशीत — रोहा.

चप्पल हातात घेऊन पळाले. पेटी उघडून पत्रं नेलेली. काउंटरवरचा म्हणाला, "पिशवी गेली, मॅडम. काय एवढं? लव्ह लेटर होतं काय?"

चौथीपर्यंत वडिलांनी, आप्पांनी, मला घरीच शिकवलं. चूक झाली की मार नाही, रागावणं नाही — वहीत तीन ओळी लिहायच्या. अजून तसंच लिहिते.

काय: पोस्टकार्ड.
कधी: आज, साडेअकरा.
कोणाची: माझी.

१६ जानेवारी, गुरुवार

पूजाला सांगायला हवं. मेसच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. भित्री!

संध्याकाळी ऋतुजा आली. "ताई, आजीला फोन करू?" कर म्हटलं. फोनची वही पुढे सरकवली — नाव, नंबर लिहिल्याशिवाय कोणी फोन लावायचा नाही, ही पद्धत माझीच. काका हसतात, "पोरं आईला फोन लावतात, कलेक्टरला नाय." ती भिंतीकडे तोंड करून हळू बोलत होती. मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात ते कार्ड पेणमध्ये घर शोधत फिरत होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

उद्या गोष्टींच्या तासानंतर पूजा लेकीला न्यायला येईल. तेव्हा सांगते. नक्की.

१८ जानेवारी, शनिवार

जमेल तसं लिहिते.

गोष्ट अर्ध्यावर असताना दारात एक माणूस येऊन बसला. हातात खाऊची पिशवी. कोणाचा तरी बाप असेल असं वाटलं. ऋतुजा उठून उभी राहिली. तो हसला. मला म्हणाला, "शनवारी गोष्टी ऐकायला येते ना माझी पोर? ऐकू दे, ऐकू दे. आई येते ना न्यायला?"

तेवढ्यात पूजा आलीच.

त्याने तिचे केस मनगटाला गुंडाळले आणि तोंड पुस्तकं परत घ्यायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. एक. दोन. तीन. मी मोजत होते! देवा, मी उभी राहून मोजत होते. पोरं किंचाळत कपाटांमागे पळाली. खाऊ सगळीकडे सांडला, त्यावर रक्त. ऋतुजा ओरडत होती, "तू बोललेलास नाय मारणार! तू बोललेलास!"

मी वरच्या फळीसाठी चढायची लोखंडी घोडी उचलली आणि त्याच्या खांद्यावर घातली. तो वळला, तेव्हा तोंडावर. तो खाली बसला. आता थांबायला हवं होतं. थांबले नाही. अजून दोनदा मारलं. जबड्याचा आवाज आला.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

काकांनी मागून मिठी मारून धरलं. "पुरे, बाय. पुरे गो."

१९ जानेवारी, रविवार

पूजा जगेल. डावा डोळा गेला.

दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बाकावर बसून मी सांगून टाकलं — पोस्टकार्डाचं, आणि तीन दिवस गप्प बसल्याचं. तिने हाताने जवळ बोलावलं. वाटलं काही सांगायचं असेल. वाकले, तर सलाईन नसलेल्या हाताने थोबाडीत मारली. ताकद नव्हती. तरी लागली.

ऋतुजा खाटेच्या पायाशी देवमाशाचं पुस्तक धरून बसली होती. सगळं ऐकत होती.

२२ जानेवारी, बुधवार

नितेश कोठडीत. त्याचा टेम्पो अजून आमच्या फाटकाला लागून उभा, चावी पोलिसांकडे. मागे लाल रंगात 'ऋतुजा', खाली मोबाईल नंबर. येता-जाता तोच दिसतो. पाठ झाला.

काका म्हणतात, "कार्ड पाठवायचा नियम माझा. तू एकटी कशाला घेतेस डोक्यावर?" मी म्हटलं, पत्ता मी लिहिला.

२५ जानेवारी, शनिवार

गोष्टींना एकही मूल आलं नाही. सतरंजी धुतली, डाग राहिला.

दवाखान्यात गेले. ऋतुजा सात दिवसांत पहिल्यांदा बोलली. "ताई, बाबा कार्डामुळंच आला ना?"

"हो."

"नक्की कार्डच ना?"

"कार्डच गं. माझंच."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपून गेली. इतकी गाढ! पूजा म्हणाली, त्या दिवसापासून झोपली नव्हती.

२८ जानेवारी, मंगळवार

पोस्टकार्ड परत आलं. पेणच्या पोस्टमनची लाल शाई: 'घर सोडून जिते गावी गेले. परत.' ते त्याच्या हातात कधी पडलंच नाही.

फोनची वही उघडली. १६ जानेवारी. ऋतुजाचं अक्षर. नाव: आजी. नंबर — टेम्पोवरचा.

पान फाडलं. कार्डही. दोन्ही चुलीत घातली.

काय: पोस्टकार्ड.
कधी: १५ जानेवारी, साडेअकरा.
कोणाची: माझी.