धाकटीचा खोकला

५ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा शर्ट जळाला. पांढरा, हॉटेलच्या वेटरांचा. पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा! मालकांनी शर्ट उजेडात धरला आणि बघत बसले, जणू त्यावर कुणी चिठ्ठी लिहून ठेवलीय. मग म्हणाले, "आजी, तुमच्या हाताला तोड नाही. पण तिसरा जळाला तर टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल मला."

माझं टेबल! अठ्ठावीस वर्षं या लॉन्ड्रीत मी त्याच टेबलाशी उभी आहे. मी घरी बसले तर सून आधी वेडी होईल, मग मी.

हात चुकत नाही माझा. डोकं पळतं.

६ फेब्रुवारी

कुठं पळतं तेही लिहून टाकते. ही वही नातीनं दिलीय, कुणी वाचणार नाही म्हणालीय. वाचलीस तर बघ!

पळतं ते धाकट्या जावेकडे. तिचं टेबल माझ्या पाठीमागे. पाठीला पाठ. अकरा वर्षांत एक शब्द नाही. माझा नवरा गेला तेव्हा भरल्या घरात ही बाई म्हणाली, "सुटले भाऊजी एकदाचे जाऊबाईंच्या तोंडातून." आणि मला उत्तर सुचलं नाही. मला!

तेव्हापासून सुचतायत. कॉलर करताना एक, बाही करताना दुसरं. एकेक असं धारदार की काय सांगू. उत्तर रंगात आलं की इस्त्री एका जागी उभी राहते. दोन्ही शर्ट तसेच गेले.

काही सांगायचं झालं तर मालकांमार्फत. "मालक, त्यांना सांगा, पाण्याची बाटली जागेवर ठेवा." "मालक, त्यांना सांगा, जागेवरच आहे, चष्मा पुसा." दोघींमध्ये तीन हात अंतर. मालक बिचारे पोस्टमन.

११ फेब्रुवारी, रविवार

नात ध्यानाला घेऊन गेली. दवाखान्याच्या वर एक हॉल आहे, तिथं एक भिक्खुणी शिकवतात. डोकं तुळतुळीत, आवाज मऊ. वय माझ्याहून निम्मं. "तिथं मन शांत करतात, आजी," असं नात वाटेत सांगत होती. म्हटलं, मी शांत झाले तर या घरात बोलणार कोण?

शिकवलं एवढंच — बसायचं, श्वास मोजायचे. एक ते दहा. पुन्हा एक. मन पळालं की 'पळालं' म्हणायचं आणि एकपासून सुरू. त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. हे शेवटचं जरा जड जाणार.

१२ फेब्रुवारी

सहाशे चाळीस! सकाळच्या चहाआधी, एका बैठकीत, एकही न चुकता. तिसरी शिकलेली बाई आहे मी. काल हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलेल्या मास्तरीणबाई दहापर्यंत पोचत नाहीत म्हणून रडत होत्या.

१८ फेब्रुवारी, रविवार

भिक्खुणींना आकडा सांगितला. त्या हसल्या. मोठ्यानं हसल्या, सगळा हॉल बघायला लागला. "आजी, दहानंतर एक येतो. तुम्ही अकरावर गेलात तेव्हाच तुम्ही तिथं नव्हता. श्वासाचे नग नाही पाडायचे."

नगच पाडत होते मी. खरं आहे. आयुष्यभर शर्ट मोजले, तसे श्वास मोजले. मोजणी चालूच, आणि आत धाकटीला उत्तरं देणंही चालू! दोन्ही एकदम जमतं मला. कौतुक कुणाला नाही ते सोडा.

मग म्हणाल्या, "बसून जमत नसेल तर कामात करा. इथं घंटा वाजते, तुमच्याकडे नसेल. रोजचा एखादा आवाज निवडा. तो आला की थांबायचं, एक श्वास घ्यायचा, हात काय करतोय ते बघायचं. बस."

१९ फेब्रुवारी

आवाज शोधला. मालकांचा फोन? तो दिवसभर बोंबलतो. वाफ? ती सतत. मग मागून आला — धाकटीचा खोकला. कोरडा, एकदाच, खोचक. गेले कित्येक महिने खोकतेय. मला डिवचायला खोकते हे कुणी सांगायला नको.

तोच निवडला. डिवच, बाई! तुझ्याच खोकल्यावर शांत होऊन दाखवते की नाही बघ.

२३ फेब्रुवारी

पाच दिवस. एक डाग नाही!

ती खोकली की मी श्वास घेते. खाली बघते. हात कॉलरवर असतो, इस्त्री उभी असते, सरकवते. कापडाचा गरम वास येतो. अठ्ठावीस वर्षांत हा वास कधी धड घेतला नव्हता. उत्तर अर्ध्यावर गळून पडतं. आज दुपारी एक फार छान उत्तर गेलं. वाईट वाटलं. पण शर्ट वाचला.

मालक घडी बघून म्हणाले, "आजी, हे काय खाताय आजकाल?" म्हटलं, "हवा."

२५ फेब्रुवारी, रविवार

आज 'मैत्री' शिकवली. डोळे मिटून म्हणायचं — सगळे सुखी होवोत. मी म्हटलं — सगळे सुखी होवोत, एक सोडून. भिक्खुणींना तसं सांगितलंही, लपवायचं कशाला? त्या म्हणाल्या, "जमेल तेवढंच म्हणा. पण त्या एकीला दाराबाहेर उभं ठेवायला दार तुम्हालाच धरून बसावं लागतंय."

धरते की. दंडात जोर आहे माझ्या.

२७ फेब्रुवारी

धाकटी आली नाही. मागचं टेबल रिकामं. म्हटलं, सुटले! आज खरी शांतता.

अकरा वाजता वास आला. इस्त्री खिशावर उभी! उचलली. कडेला पिवळट झाक, अगदी पुसट. पाणी मारून, चोळून घालवली. मालक बाहेर होते म्हणून निभावलं. मग दोन्ही हात समोर धरून बघितले. हे हात, ज्यांची फुशारकी मी याच वहीत मारलीय.

दुपारपर्यंत आणखी दोनदा तसंच.

२८ फेब्रुवारी

धाकटीची सून सांगायला आली. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मोतीबिंदू, आठवडाभर येणार नाहीत. पोरगी भली आहे, माझ्याशी नेहमी बोलते. मला राहवलं नाही. म्हटलं, "आणि खोकला? त्याचंही करून घ्या म्हणावं ऑपरेशन. कान किटले माझे."

"खोकला? कुणाला?"

"तुझ्या सासूला, आणखी कुणाला?"

"नाही हो मोठ्या आई. त्यांना कसला खोकला? घरात कधी ऐकला नाही आम्ही."

ती गेली. मी इस्त्री बंद केली आणि स्टुलावर बसले. मालकांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बसू द्या जरा.

चालत्या इस्त्रीची कापडावर सरसर ऐकू येते. थांबली की ती बंद होते. पाठीला पाठ असली तरी कान असतातच. माझी सरसर थांबायची तेव्हा ती खोकायची. प्रत्येक वेळी. ते दोन शर्ट जळाले तेव्हाही खोकली होती, आता आठवतंय. मी उत्तर रचत होते, म्हणून ऐकूनही ऐकलं नाही.

बोलायचं नाही म्हणजे नाही, आणि शर्टही जळू द्यायचा नाही. माझ्यापेक्षा हट्टी आहे मेली.

३ मार्च, रविवार

हॉलमध्ये गेले. भिक्खुणींना काही सांगितलं नाही. डोळे मिटले. सगळे सुखी होवोत. पुढचं म्हणायचं राहिलं. मुद्दाम नाही, मुद्दाम गाळलं असं कुणी म्हणू नये. दंड दुखत होते, एवढंच.

४ मार्च

एकही डाग नाही, आणि आज मागे कुणी नव्हतं! माझी सरसर मीच ऐकली. थांबली की मलाच कळलं. चारदा थांबली, चारदा परतले. हे सहाशे चाळीसपेक्षा भारी आहे आणि ते सांगायला मला भिक्खुणी नकोत.

६ मार्च

आली. काळा चष्मा लावून, मोठी नटीच जशी. मालकांना म्हटलं, "त्यांना सांगा, उजेडाकडे बघू नका." मालक सांगायला लागले. ती म्हणाली, "ऐकलं."

७ मार्च

दुपारी मागची सरसर थांबली. वळून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, इस्त्री बाहीवर.

मी खोकले.

इस्त्री सरकली. जरा वेळानं, मागे न वळता, मालकांचं नाव न घेता, ती म्हणाली, "जाऊबाई, पाणी प्या."

प्याले.