तीनच सूत

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. नियम एक, शुद्ध भाषेत लिहायची. नियम दोन, कुरकुर करायची नाही.
ललिताला मुलाकडे, अनुपकडे, अमरावतीला जाऊन तीन महिने झाले. सुनेचं, भावनाचं, बाळंतपण होतं, महिनाभराची बोली होती. निघताना परसातल्या वाळलेल्या निंबाकडे बोट करून म्हणाली, हे झाड न्हाणीवर पडन एखाद्या दिवशी. हे पाडा, मंग येतो मी.
म्हणजे अडचण फक्त झाडाची आहे. टेक्निकल प्रॉब्लेम. मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर शिकवला. टेक्निकल प्रॉब्लेम देवमन सरांना घाबरतात.
टार्गेट : महिनाअखेर झाड आडवं. चौदा एप्रिलच्या रॅलीत दोघं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एकही जयंती वेगळी गेली नाही. यंदाही जाणार नाही.
शेजारचा पुंजाजी म्हणे, सर, मी कुऱ्हाडीनं पाडून देतो, अर्ध्या दिवसाचं काम हाय. नम्रपणे नाही म्हटलं. कुऱ्हाडीचा जमाना गेला. माझ्याकडे चेनसॉ आहे, रिटायर झालो तेव्हा मीच मला दिलेली भेट. अजून खोक्यात आहे.

१२ फेब्रुवारी. दुपार.
मशीन सतराव्या झटक्याला सुरू झाली. नवीन मशीनला तेवढं लागतंच. फांदी अर्धी कापली तर ती वरून दबली आणि बार आत फसला. पहार घालून काढला. वाकला. आजकाल स्टीलमध्ये दमच राहिला नाही. चेन मात्र शाबूत.
बार म्हणजे जिच्यावरून चेन फिरते ती लांब पट्टी. हे कोणासाठी लिहितो आहे? वाचणारं कोणी नाही. शिकवायची सवय जात नाही.

१५ फेब्रुवारी.
बार खोलला, टेप लावला. बावीस इंच. एसटीने अकोल्याला, जठारपेठेत. दुकानदार म्हणे, जुना बार आणला का? मी हसलो. फिटर माणूस जुना पार्ट काखेत मारून हिंडत नाही, माप घेऊन जातो. बावीस इंची द्या म्हटलं. दिला.
संध्याकाळी बसवला. चेन टोकापर्यंत पोचतच नाही. चार इंच कमी पडते.

१६ फेब्रुवारी, रविवार.
मशीनच्या माहितीपुस्तकात पाहिलं. बारची लांबी मशीनच्या बाहेर जेवढी दिसते तेवढीच धरतात. आत लपलेली शेपटी मोजायची नसते. म्हणजे आपला अठरा इंची. हा नियम कोणी केला, काहून केला, देव जाणे. (काहून नव्हे, का. नियम एक.)
ललिताचा रविवारचा फोन आला. तिला लांबीचा हा सगळा मुद्दा व्यवस्थित समजावून सांगितला. अकरा मिनिटं. मध्ये एकदाही अडवलं नाही. तिला विषयात एवढा इंटरेस्ट असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी म्हणे, बाळ रडून राहिलं, ठेवतो.

२८ फेब्रुवारी.
टार्गेटची तारीख. झाड उभं. पण अभ्यास झाला, आणि अभ्यास महत्त्वाचा. नवीन टार्गेट १५ मार्च.

८ मार्च.
लांबी बरोबर असून भागत नाही, पिचही जुळावा लागतो. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर. बारच्या टोकाला छोटं चाक असतं, त्याच्या दात्यांत ती कडी बसली पाहिजे. पोलादी पट्टीने मोजलं. इंचाला आठ सूत, या हिशोबाने अडीच सुताच्या थोडं वर भरलं. आता कोणती कंपनी असं अर्धवट माप काढेल? म्हणजे तीन सूत. माझ्या डोळ्यांना सूतभर चूक कधी होत नाही.
पुन्हा जठारपेठ. दुकानातल्या पोराने पॉइंटमध्ये काहीतरी विचारलं. मी म्हटलं, बेटा, पॉइंट-बिइंट राहू दे. अठरा इंची, तीन सूत. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने मान डोलावली. जुन्या माणसांना भाषा कळते.

९ मार्च.
चेन टोकाच्या चाकावर चढते, कट्‌ करून उतरते. चढते, उतरते. तेल घातलं. हातोडीने समजावलं. शेवटी शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

१५ मार्च.
ऊन फार. नवीन टार्गेट ३१ मार्च.

२३ मार्च, रविवार.
पुंजाजीची बायको मनकर्णाबाई भाजी द्यायला आली. म्हणे, ललिताबाईचा काल फोन होता, बाळानं पालथं पडाले सुरुवात केली. मी विचारलं, काल? शनिवारी? तर म्हणे, रोजच येते ना बापा, आमचं बोलल्याबिगर होत नाही.
मला रविवारी येतो. बरोबरच आहे, बायकांचे विषय वेगळे. आज नाही आला. नेटवर्क.

३० मार्च.
बारसाठी अंजनगाव सुर्जीला जाऊन आलो. दुकान बंद. रसवंतीवर दोन ग्लास सांगितले. सवयीने. दोन्ही प्यालो.

८ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.
अमरावती. या वेळी जुना बार पिशवीत घेऊन गेलो. हार म्हणून नव्हे, रेफरन्स म्हणून. दुकानदाराने तो मोजलाही नाही. पेट्रोलचा बोळा घेतला आणि शेपटीवरची काळी घाण पुसली. खाली सगळं कोरलेलं. लांबी अठरा. पिच पॉइंट तीनशे पंचवीस. खाचेची रुंदी. चेनच्या कड्या किती, तेसुद्धा. म्हणे, काका, सारं लिवलेलं असते, पुसून पाहा लागते फक्त.
एकतीस वर्षं माझ्या पहिल्या तासाचं पहिलं वाक्य होतं : आधी जॉब स्वच्छ करा.
अनुपचं घर तिथून दहा मिनिटं. सहज पाय वळले. ललिता वरच्या गॅलरीत बाळाला घेऊन उभी होती. त्याला काहीतरी म्हणत होती आणि स्वतःच खदखदा हसत होती. ती असं हसते हे मी विसरलो होतो. वर गेलो नाही. पिशवीत जुना आणि नवा असे दोन बार, त्यातला एक वाकडा, असं कोणी सुनेच्या दारात जातं का? शिवाय पाचची गाडी होती. मी चारलाच स्टँडवर.
घरी आलो तर परसात नुसतं आभाळ. झाड नाही. लाकडं भिंतीशी रचलेली. पुंजाजी म्हणे, सकाळी ललिताबाईचा फोन आला, सर काही पाडत नाईत आणि न्हाणी जाईन, तुमीच पाडा. दीड तासात झालं.

९ एप्रिल.
नवीन बार बसवला. चेन लोण्यासारखी फिरली. मशीन पाच मिनिटं नुसती हवेत चालवली. पुंजाजी भिंतीवरून पाहत होता.
वास्तविक चांगलंच झालं. अट पूर्ण झाली. कोणी पाडलं हा मुद्दा गौण. पाच दिवस आहेत. तिची पांढरी साडी इस्त्रीला टाकली.

१० एप्रिल, गुरुवार.
मीच फोन लावला. झाड पाडलं, म्हटलं. म्हणे, मालूम हाय. मी म्हटलं, मग शनिवारची गाडी धर, मी स्टँडवर येतो. मग म्हणे, झाडाचं काय घेऊन बसले तुमी? काहीतरी बोला लागते म्हणून बोलली मी तवा. मी विचारलं, मग काय? तर म्हणे, इथं भावना रोज विचारते, आई जेवल्या का म्हणून. चौतीस वर्षात तुमी एकडाव तरी विचारलं का?
मी म्हटलं, नेटवर्क कट होऊन राहिलं. फोन ठेवला.
नेटवर्क चांगलं होतं.

१३ एप्रिल.
आठवून पाहिलं. भाजीत मीठ कमी का, हे विचारलेलं आठवतं. दुसरं सापडत नाही. चौतीस वर्षांत एखाद वेळी तरी विचारलं असेलच. लक्षात कोण ठेवतं?
उद्या फोन करून विचारणार. सोपं वाक्य आहे, चार शब्द. ललिता, तू जेवलीस का. आंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं. जमतं.

१४ एप्रिल, सोमवार. दुपारी २.
सकाळी पांढरा शर्ट घातला. वंदनेला जाऊन आलो. सगळ्यांनी विचारलं, वहिनी कुठं? म्हटलं, येऊन राहिल्या.
दीडला फोन लावला. भावनाने उचलला. जयभीम बाबा, आई बाळाला घेऊन रॅलीत गेल्या, फोन घरीच राहिला, म्हणे. मी विचारलं, जेवली का ती? म्हणे, हो, जेवूनच गेल्या. काही निरोप आहे का?
निरोप काही नाही म्हटलं, एवढंच विचारायचं होतं.
मग तिने विचारलं, तुम्ही जेवले का बाबा?
हो म्हटलं. पोरगी चांगली आहे. आता उठून भात टाकतो.