एकशे बारा लाल झेंड्या

प्रिय आईस,
घरातल्या पहिल्या पदवीधर लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. दादाच्या छकुलीचा ताप उतरला का?

इथल्या वाळवंटातल्या सांड्यांबद्दल तुला सांगितलं होतं ना? पाला खाऊन राहणारे गरीब, जाडजूड सरडेच ते. थंडीत बिळाचं तोंड आतून मातीने बुजवतात आणि शेपटीतल्या चरबीवर महिनोन्‌महिने झोपून काढतात. बीळ बंद दिसलं की घरधनी आत आहे, हे नक्की. मोजणीत चूक नको म्हणून अशा प्रत्येक बिळाशी मी लाल झेंडी रोवली. एकशे बारा झाल्या.

काल गेले, तर एकूण एक बीळ खणलेलं. तेलासाठी सांडे पकडणाऱ्यांना शोधावंच लागलं नाही. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुम्ही तर दारावर पाट्याच लावून ठेवल्या होत्या."

झेंड्या उपटून आणल्यात. काळजी करू नकोस, रडले नाही फारशी.

एक विचारायचं होतं. तू गुडघ्यांना चोळतेस त्या तेलाच्या बाटलीवर सरड्याचं चित्र आहे ना? त्याने दुखणं खरंच थांबतं का? हो म्हणालीस तरी मी रागावणार नाही.

तुझंच,
शेंडेफळ