ड्रममधून उचललेल्या पाखराचा दाखला

प्रति,
माननीय पशुपालन अधिकारी साहेब,
पशुपालन कार्यालय, सुरत.

अर्जदार : कलाबाई निंबा बागूल, राहणार लिंबायत, सुरत. मूळ गाव पारोळा तालुक्यात.

विषय : घरी पोसलेल्या एका पाखराबाबत दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : हॅचरीचे सुपरवायझर पंडितभाऊ यांनी जेवणाच्या सुट्टीत दिलेली तोंडी ताकीद.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बाई कामरेज रस्त्यावरील अंड्याच्या कोंबड्यांच्या हॅचरीत पिल्लं निवडण्याचं काम करते. एका दिवसाचं पिल्लू हातात घ्यायचं, पंख फुलवायचा. पिसं एकाआड एक लांब-आखूड असली तर मादी, ती ट्रेमध्ये. सगळी सारखी असली तर नर. तो उजवीकडच्या निळ्या ड्रममध्ये. मांसाच्या कोंबड्यांची जात वेगळी. तिथे नर लवकर भरतो, वजनाला जास्त उतरतो, म्हणून त्याला किंमत आहे. या जातीतला नर अंडं देत नाही आणि अंगावर मांसही धरत नाही. पंडितभाऊ त्याला "दाण्याला भार" म्हणतात. ड्रम भरला की झाकण लागतं. पुढचं अर्जदाराने पाहिलेलं नाही आणि कधी विचारलेलंही नाही.

२. निवड करताना बाया ओव्या म्हणतात. अर्जदाराने जोडलेली एक अशी :

पंख उघडून बघू । देवानं लिहिलं काही
लांब-आखूड ती लेक । लेका, तुले जागा नाही

सरकारी अर्जात ओवी शोभत नाही हे मान्य आहे. पण पुढे तिचा संबंध येतो, म्हणून नोंदवणं भाग आहे.

३. मागे सून धनश्री बाळंतपणात अडली. अर्जदाराने दवाखान्याच्या पायरीवर पदर पसरला आणि गावच्या बांधावरच्या म्हसोबाला बोलली, की दोघांचे जीव वाचव, घरी पोसलेला कोंबडा देईन. विकतचा त्या देवाला चालत नाही. पोरासारखा दाणा भरवून वाढवलेला लागतो, आणि लागतो तो नरच. काही वेळाने नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही जीव सुखरूप." मुलगा की मुलगी, हे विचारायचं दिवस कलेपर्यंत कुणाला सुचलं नाही. मुलगी आहे. नाव चंचल.

४. नवस फेडायचा म्हणून अर्जदाराने पंडितभाऊंना विचारून ड्रममधलं एक पिल्लू पदरात घेतलं. "न्या की मावशी, कचराच आहे तो," असं ते म्हणाले. घरी त्याचं नाव दादू पडलं. चंचल त्याच्या मागे रांगायला शिकली. दादूचा तुरा लहान राहिला, शेपटाला बाक आला नाही, आरवणं तर नाहीच. शेजारच्या इंदुबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "हाऊ कोंबडा से का कोंबडी से, व माय?" अर्जदाराला नर हवा होता, म्हणून तिला नरच दिसत राहिला. गावी जायची तिकिटं काढली त्याच सकाळी दादूने पिठाच्या डब्यामागे अंडं घातलं. इंदुबाई हसता हसता ओट्यावर बसल्या. "कलाबाई, तुना म्हसोबाले आते आमलेट दे!"

५. अर्जदार हसली नाही. नराचं नशीबच तसं, असं म्हणून ती आजवर गाढ झोपत आली होती. आता तिला वाटू लागलं, की आपल्याच हातून लेकीही झाकणाखाली गेल्या. त्या दिवसापासून तिला ड्रममधल्या पिल्लांचं चिवचिवणं ऐकू येतं. पातेलं उपडं घातलं की त्याच्याखाली. खालच्या कारखान्यातले लूम थांबले की त्या शांततेत. चंचलच्या झोळीजवळ. भगताने अंगारा दिला, तो लावून झाला. शेवटी अर्जदार कान देऊन बसली, की निदान यातल्या लेकी कोणत्या तेवढं तरी कळावं. कळलं ते एवढंच, की एका दिवसाच्या पिल्लांचा आवाज सगळ्यांचा सारखा असतो. ती सगळी रोजच ओरडत होती. अर्जदार गात होती, म्हणून तिला ऐकू गेलं नाही.

६. अंड्याची गोष्ट हॅचरीपर्यंत पोचली. पंडितभाऊंचं म्हणणं असं, की नर हा कचरा आणि मादी हा माल. माल घरी नेला म्हणजे चोरी झाली. तेव्हा पाखरू जमा करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. जमा केलेलं पाखरू पिंजऱ्यात जाईल आणि अंडी आटली की मटणवाल्याकडे. मुलगा ललित म्हणतो, साहेबांकडून नर असल्याचा दाखला आणू, म्हणजे कंपनी गप्प बसेल. पण कागदावर नर झाला की तो म्हसोबाचा झाला. देव कागद मानतो का, ठाऊक नाही. अर्जदाराचे मालक निंबा बागूल मानतात, आणि त्यांनी सुरीला धार लावून आणली आहे. साहेब, मादी लिहिलं तर पिंजरा, नर लिहिलं तर सुरी.

७. सबब विनंती, की आपण पाखरू स्वतः येऊन पाहावं. टोपलीत घालून कार्यालयात आणणं जमणार नाही. वर झाकण आलं की ते अजून एका दिवसाच्या पिल्लासारखं चिवचिवतं आणि अर्जदार झाकण काढून टाकते. पाहून झाल्यावर दाखल्यात नर की मादी ही जागा कोरी ठेवावी, आणि नर्सबाईंनी तोंडी सांगितलं होतं तेवढंच सही-शिक्क्यानिशी लिहावं : जीव सुखरूप आहे.

म्हसोबाला काय सांगायचं ते अर्जदार सांगेल. त्याच्याकडेही तिने फक्त जीवच मागितला होता.

आपल्या पावलांची वाट पाहणारी,
आपली नम्र,
कलाबाई निंबा बागूल
लिंबायत, सुरत
दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. अर्जाची गुजराती नक्कल. ललितने केली आहे. ओवी त्याने गाळली.
२. दादूचं गळालेलं एक पीस.
३. अंडं जोडलेलं नाही. पाखरू त्यावर बसून आहे. या जातीच्या कोंबड्या अंड्यावर बसत नाहीत, असं पंडितभाऊ सांगतात. नराशिवायचं अंडं, त्यातून काही निघायचं नाही, हे अर्जदारालाही कळतं. तरी कान लावला की आतून ऐकू येतं.