रिकाम्या घरातले चार पेले

माय, माझ्या घरात आता पाणी प्यायचे पेले चारच आहेत. हे ऐकून तुझा जीव वरखाली झाला असता आणि तू पिशवीतून आणखी सहा काढून ओट्यावर ठेवले असतेस, हे मला ठाऊक आहे. तू जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून मी वाचले. पण आज तुला सगळं सांगायचंच आहे. गेल्या रविवारी मी जिंकले, माय, आणि ती लढाई सुरू झाली होती तुझ्या स्वयंपाकघरात.

आठवतं? मी एकोणीस वर्षांची आणि मला पाहायला पाहुणे यायचे होते. बाबा राईस मिलमध्ये हमाली करायचे, घरात धड चार भांडी नव्हती. सकाळपासून तू गल्लीभर फिरते आहेस. एका घरून खुर्च्या, दुसऱ्या घरून चादर, आणखी तीन घरांतून स्टीलचे पेले. मी स्टोव्हवर पोहे परतते आहे आणि तू एकेक पेला राखेने घासून चकाकवते आहेस. मुलाच्या आत्याने पाणी प्यायलं, पेला हातात फिरवला, काठाखाली कोरलेलं नाव वाचलं. मग शेजारच्याचा पेला घेऊन वाचला, मग तिसरा. "अवो बाई, या एका घरात किती आडनावाची मानसं राहून राहिली?" सगळे हसले. तूही हसलीस. ते गेल्यावर तू मागच्या दारी पेले धुवायला बसलीस, ती कितीतरी वेळ उठलीच नाहीस. त्यांचा निरोप पुढे कधी आला नाही.

त्या दिवसापासून तू भांडी जमवत सुटलीस. जुने कपडे देऊन भांडेवालीकडून डबे घेतलेस, सणाला भात शिजवायचा गंज घेतलास, बाजारात मशीनवाल्यासमोर उभी राहून प्रत्येक भांड्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलंस. मी एकदा म्हटलं, माय, कायले एवढा पसारा? तू अशी खेकसलीस की मी दोन पावलं मागे सरले. "उद्या कोनाच्या दारात पेला मांगाले जाचं काम पडू नये म्हून!" माझं लग्न दुसरीकडे जमलं, चांगला नवरा मिळाला, तरी तू थांबली नाहीस. तुझ्यामागे ते सगळं आमच्या कुडवा गावातल्या घरी आलं. दिवाणात भांडी, माळ्यावर भांडी, पलंगामागे पोती. त्यात माझीही भर पडली, खोटं कशाला बोलू. सोफा, शोकेस, कुणी वापरत नव्हतं ते काचेचं टेबल. माझी लेक पोत्यांना टेकून अभ्यास करत मोठी झाली.

दोन वर्षांपूर्वी रंगकामासाठी सगळं सामान अंगणात काढलं. रंग वाळला आणि आम्ही तिघं आत आलो. बोललं की आवाज घुमायचा. खिडकीतलं ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत आलेलं, आणि आपल्या घराला एवढी मोठी भिंत आहे हे मला तेव्हा कळलं. लेक फरशीवर आडवी झाली, मग मी झाले, मग हेही झाले. संध्याकाळ झाली तरी सामान आत घ्यायला कुणाचा हात उठेना. मग ते घेतलंच नाही. फर्निचर ज्याला हवं त्याने नेलं. तुझी भांडी मी वस्तीतल्या बुद्धविहारात दिली. रागावू नकोस. जयंतीच्या जेवणात तुझं नाव कोरलेल्या ताटात अख्खी वस्ती जेवते.

आता माझं झाडणं-पुसणं चहा उकळेस्तोवर आटोपतं. वस्तू शोधण्यात माझा दिवस जात नाही, कारण शोधण्यासारखं काही उरलंच नाही. लेक म्हणते, याला मिनिमलिस्ट म्हणतात मम्मी, लोक यासाठी व्हिडिओ बघतात. मी म्हटलं, बघू देत.

पण गेल्या रविवारी तिलाच पाहायला कोहमाऱ्याहून सात माणसं येणार होती. मुलगा तिला मनापासून आवडलेला. घराकडे बघून नकार आला तर लेक मला काही बोलली नसती, पण मी स्वतःला माफ केलं नसतं. सकाळीच शेजारीण आणि तिचा नवरा स्वतःचा सोफा उचलून आमच्या फाटकाशी हजर. "भाभी, मेहमान जमीन पे बैठेंगे क्या?" तिचं मन चांगलं, पण मला तुझ्या उसन्या खुर्च्याच दिसल्या. हे हळूच म्हणाले, "एका दिवसाचा तं सवाल हाये, ठेवून घे न." मी म्हटलं, "हा सोफा आत आला तं मी बाहेर जातो." सोफा परत गेला.

पाहुणे सतरंजीवर बसले. एकुलती एक खुर्ची मुलाच्या आजीला दिली. पाणी आधी चौघांना दिलं, पेले विसळून मग तिघांना. मुलाची आई चारी भिंतींवर नजर फिरवून म्हणाली, "घर असं खाली काऊन जी? सामान कुठं गेलं?" मी रिकामे पेले गोळा करू लागले. लेक मात्र शांतपणे म्हणाली, "एवढंच आहे जी. पण दिसते ते सगळं आमचंच आहे."

जेवणं झाली. पंख्याखाली थंड फरशीवर ती बाई जरा पाय पसरून बसली, मग बघता बघता आडवीच झाली आणि डोळे मिटून बोलली, "अशी पाठ टेकाले जागा नाही वो माह्या घरी. पोरीले आलमारी-दिवान काही देऊ नका बरं, ठेवाची कुठं?" माय, मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. हसता हसता रडलेही. लग्न जमलं! एकही उसनी वस्तू घरात न आणता जमलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. तेव्हा एक खरी गोष्टही सांगून टाकते. त्या सकाळी सोफा परत पाठवल्यावर मी ते चार पेले घासले आणि खिडकीच्या उजेडात धरून एकेक फिरवून पाहिला, काठाखाली कुणाचं नाव तर नाही ना. माझेच पेले, मीच घेतलेले, कधी कुणाचं नाव न कोरलेले. तरी दोनदा पाहिले.