राजाबाईची शेजारीण

८ जानेवारी १९९५, शिरवणे गाव, वाशीजवळ
पंखा देऊन टाकला. टेबलही! नैरोबीहून आणलेली एक बॅग पूर्ण रिकामी. आता चटई, स्टोव्ह, दोन साड्या, बायबल. ज्यांच्यात राहायचं त्यांच्यासारखं राहा, असं मिशनने बजावलं होतं. अवघड जाईल वाटलेलं — उलट हलकं वाटतंय. घरमालकीण पुतळाबाई मात्र कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरी, या शिरवण्यान मरायला आलीस का?"

९ जानेवारी
भिंतीपलीकडचा कृष्णात बायकोला मारतो. पट्ट्याने. प्रत्येक फटका ऐकू येतो.

१२ जानेवारी
त्याची बायको राजाबाई. साताऱ्याकडची. तो कांदा-बटाटा मार्केटात हमाल आहे. आज तिने मला पाणी पुरवायला शिकवलं — "सिस्टर, आदी अंगोळ, त्याच पान्यात कपडं, उरल्यालं फरशीला." माझं मराठी आईचं, नगरचं, तिला ते पुस्तकातलं वाटतं. माझी नक्कल करून हसली आणि फाटलेला ओठ पुन्हा उलला. पदराने रक्त पुसलं, हसणं चालूच! "का मारतो?" विचारलं.
"हात हायेत म्हनून."

१९ जानेवारी
काल त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. माझ्या बाजूचं प्लास्टर पडलं. बाहेर धावले तर पुतळाबाईने दंड धरला — "त्यांचा रोजचा हाय. तू नको परू मधी."
आज वाशीला जाऊन मिशनच्या प्रमुखांना, ब्रदर ओटिएनोंना सांगितलं. ते म्हणाले, आपण पाहुणे आहोत, कुणाच्या घरात शिरायचं नाही. प्रार्थना कर.
केली. गुडघे टेकून फटके ऐकत राहिले. आमेन म्हणायला तोंड उघडेना.

२० जानेवारी
दुसरी साडीही देऊन टाकली. हलकं वाटलं नाही.

२६ जानेवारी
सुट्टी. लाउडस्पीकरवर झेंड्याची गाणी. कृष्णात सकाळपासून प्यायलेला. राजाबाई ओरडत होती — आणि ओरडणं मधेच थांबलं.
थांबलं म्हणून गेले. दार उघडंच. तो तिच्या छातीवर बसलेला, माझ्याकडे पाठ, दोन्ही हात तिच्या गळ्यावर. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. पाट्यावर वरवंटा होता. उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो कुशीवर कोसळला. हललाही नाही. तरी मी पुन्हा मारला — त्याच्या उजव्या हातावर. बोटं मोडल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा राजाबाईने माझ्या पायांना मिठी मारली. आवाज फुटत नव्हता तिचा. "बास… बास…"
रक्त तिनेच पुसलं. बरं वाटलं मला! दुसऱ्यांदा मारताना जास्तच. देवा, हे कुणाला सांगू?

२७ जानेवारी
जिवंत आहे. डोक्याला टाके, हाताला प्लास्टर. कुणी मारलं ते त्याने पाहिलं नाही. वाशीला जाऊन ब्रदर ओटिएनोंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू परत जा. पहिल्या विमानाने." म्हटलं, आधी चौकीत जाऊन खरं सांगणार. मग कुठेही पाठवा.

३० जानेवारी
चौकीकडे निघाले तर नळावरून राजाबाई आडवी आली. "सगळ्यांस्नी सांगितलंय, म्याच हानला. त्यालाबी त्येच सांगितलंय." मी म्हटलं, पोलीस तुला धरतील! "तक्रार दिली तर न्हवं? बायकोनं हानलं म्हनून कोन लिवून देतंय?" आणि मग माझं मनगट घट्ट धरून — "तुमी त्वांड उघडू नका, सिस्टर. भ्या वाटतंय त्याला माजं. ऱ्हाऊ द्या."
परत फिरले. दुपारी तिच्या दारावरून गेले तर ती बसून जेवत होती. कृष्णात उठला, आणि डाव्या हाताने स्वतःचं पाणी स्वतः घेऊन प्यायला.