अंगणात उतरवलेलं इंजिन

४ नोव्हें. १९५७, सोम.
आमच्या दोघांच्या मालट्रकचा क्लच पुन्हा घसरला, आणि आज तर गाडी रिकामी होती. सेलूहून येताना टेकाडावर इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी जागची हलेना. किसनने उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावला. खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरपेटीच्या मधून तेल गळतंय. तेल अडवणारी मागची सील गेली. क्लचच्या प्लेटा तेलात भिजल्यावर पकड कुठून राहणार?

मी म्हणालो, वर्ध्याले नेऊ. किसन म्हणे, "कोन्या चढानं नेशील? घरीच काढा लागते इंजिन."

लढाईत आम्ही दोघं लष्कराच्या एकाच वर्कशॉपात होतो. इंजिनं पुष्कळ उतरवली. पण तिथे क्रेन होती.

१४ तारखेच्या गुरुवारपासून कापसाच्या जिनिंगवर गाडी लावायची कबूल केली आहे. नाही लागली तर जिनिंगचे शेटजी दुसऱ्याची लावतील, मग अख्खा हंगाम गेला. माझं शेत तरी आहे. किसनला दुसरं काही नाही. गेल्या साली त्याच्या वस्तीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, मेलेली गुरं ओढणं सोडलं, तेव्हापासून गावाने त्यांना शेतात मजुरी बंद केली. पंचांनी ठरवलं. त्या पंचांत माझे वडील, आबा.

५, मंगळ.
बैल जुंपून गाडी अंगणात ओढून आणली. कडुलिंबाखाली उभी केली. बैल बिचकत होते. आबा ओसरीवरून बघत होते.

"इथं काऊन आनली?"
"इंजिन काढायचं आहे."
"कोन काढन?"
"मी अन् किसन."

आजवर त्यांनी गाडीचं नाव काढलं नव्हतं. आम्ही दोघं गावाबाहेर काय करतो ते गावाला दिसत नव्हतं, म्हणून चालून गेलं. आता फाटकासमोरच. रस्त्याकडे एकदा नजर टाकली. मग म्हणाले, "तो एकटा येईन. त्याचे लोक येनार नाईत. माह्या अंगनात तमाशा नोको."

किसनला एवढंच सांगितलं की आबा हो म्हणाले. बाकीचं नाही सांगितलं. पण त्याला कळलं असावं.

६, बुध.
दिवसभर काम. बॉनेट, रेडिएटर, डिझेलचे पाइप, सायलेन्सर, सगळं सुटलं. गिअरपेटी मागे सरकवली. तीन बोल्ट गंजून बसलेले, एक तुटला. किसनच्या बोटाला लागलं. शिवी दिली नाही. तो शिवी देत नाही तेव्हा मला काळजी वाटते.

शांताने चहा आणला. त्याचा कप वेगळा, वळचणीला ठेवलेला, नेहमीचाच. त्याने पाहिला. म्हणाला, "राहू द्या वहिनी, आत्ताच घेऊन आलो." घेऊन आलेला नव्हता. शांता तशीच उभी. मग आत गेली. मी माझा प्यायलो.

सागाच्या तीन बल्ल्या बांधून तिवई उभी केली. दुहेरी कप्प्या आणल्या, मोटेचा नाडा ओवला. आता माणसं पाहिजेत. इंजिन दोघांनी उचलायची वस्तू नव्हे.

७, गुरु.
माणसं शोधत गावभर. शेजारचा गणपत, ज्याच्यासोबत मी लहानपणापासून… तोही नाही.

"तुह्यासाठी आलो असतो रे वसंता. पन किसन हाये नं तिथं."
"फक्त नाडा ओढायचा आहे. त्याला शिवायचं नाही."
"आबाजीच पंच हायेत. त्यायलेच पूस."

घरी येऊन आबांना विचारलं. जेवत होते. म्हणाले, "मीच ठरवलं, अन् मीच मोडू?" आणि पुढचा घास घेतला. त्यांचं म्हणणं मला कळतं, हीच अडचण.

८, शुक्र.
वाईट दिवस.

सकाळी किसन वस्तीतली सहा जणं घेऊन आला. माझ्याशी न बोलता. फाटकाशी आले तर आबांनी बाज आडवी टाकून तिच्यावर बसकण मारलेली. हातात काही नाही, रागाचा शब्द नाही. नुसते बसले. ती माणसं रस्त्यावर उभी, कोणी मोठ्याने बोलेना. समोरच्या घरांतून बाया डोकावतात. मी अंगणात, हातात पाना. आबांना उठा म्हणायचं सोडून पाना पुसत राहिलो.

शेवटी किसननेच लोकांना परत पाठवलं. मग बाजेला वळसा घालून आत आला, माझ्यापाशी. हळू आवाजात, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून:

"तुहा बाप आडवा बसला, अन् तू पाना पुसून राह्यला."
"मी काय करू? ढकलू त्यायले?"
"मले काय पुसतं? बाप तुहा हाये."

आणि गेला. दुपारी आला नाही. संध्याकाळीही नाही. इंजिन सुटलेलं, तसंच चासिसवर बसलेलं.

९, शनि.
शांता सकाळी म्हणाली, "आम्ही ओढतो नाडा."
"आम्ही कोण?"
"मी अन् गोदा."

गोदा म्हणजे किसनची बायको. या दोघींचं कधी बोलणं झालं मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाली, नदीवर.

थोड्या वेळाने दोघं आले, किसन आणि गोदा. आबा बाजेवर होतेच. गोदा थांबली, पदर खोचला. म्हणाली, "आबाजी, तुमी मानसायले बंदी केली. बायांचं काई बोलले नोयते."

मला वाटलं आता संपलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं, शांताकडे पाहिलं. मग उठून आत गेले. बाज तिथेच. गोदा बाजूने आत आली.

नाड्याला लिंबाच्या बुंध्याभोवती वेढा दिला, म्हणजे हातातून सुटला तरी धरून राहील. दोघी नि मी ओढतोय, किसन इंजिनला दिशा देतोय. बल्ल्या करकरल्या. एकदा इंजिन फिरलं, पंपाचा कोपरा चासिसला घासला. पण निघालं. हळूहळू खाली लाकडांवर बसलं. गोदा हाताला फुंकर घालत हसली. किसन हसला नाही, पण मला बिडी दिली.

१०, रवि.
इंजिन उलटं केलं, तेलाचा चेंबर उघडला. मागच्या बेअरिंगमधली सीलची जुनी दोरी निघाली ती कोळसा झालेली, बोटात चुरली. इतके दिवस याच्या भरवशावर गाडी चालवत होतो.

नवी दोरी रात्रभर तेलात भिजवून ठेवली होती. खाचेत बसवायचं काम किसनचं. लाकडाच्या गोल दांड्याने ठोकत ठोकत, मधून कडेला, घाई नाही. टोकं पात्याने कापली. बेअरिंग कसून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. फिरेना! दोरी जास्त वर राहिली होती. पुन्हा सगळं खोललं. दुसऱ्यांदा जड फिरलं, पण फिरलं. तसंच पाहिजे.

बुचाच्या पातळ तक्त्यातून गॅस्केट मी कापलं, लाख स्पिरिटात विरघळवून सांध्याला लावली. त्या वासाने वर्कशॉप आठवलं. किसनलाही आठवलं असेल. म्हणाला, "तिथं एका ताटात खात होतो आपन." मी हो म्हणालो.

११, सोम.


इंजिन परत बसवत होतो. दोघी नाड्यावर, मी पुढच्या बाजूने, किसन चासिसच्या आत उताणा, गिअरपेटीचा दांडा क्लचच्या भोकाशी जुळवत. दांडा जुळेना. किसन ओरडला, "जरासं सोडा!" शांताने वेढा सैल केला. नाडा तेलकट झालेला. सुटला तो सुटलाच. शांता पडली, गोदा नाड्यासोबत फरफटत बुंध्यावर आदळली. इंजिन खाली येताना मला दिसत होतं. मी दोन्ही हात लावले, त्याने काय होणार.

मग थांबलं.

आबा. ओसरीवरून कधी उतरले कोणी पाहिलं नाही. नाडा दोन्ही हातांत, पाय लिंबाच्या मुळीला रोवलेला, मान मागे. "ओढा! ओढा म्हन्तो नं!" मी धावलो. शांता उठली, गोदाही. चौघांनी मिळून हातभर वर घेतलं. किसन सरपटत बाहेर आला. कोपराचं सालटं गेलेलं, बाकी धड. जमिनीवर बसून राहिला. तोंड पांढरंफटक.

आबांचे तळवे सोलून निघाले. गोदाने नाडा बुंध्याला गाठवला, मग पदराची किनार टरकन फाडून त्यांचा हात धरला आणि बांधायला लागली. आबा बांधू देत होते. एक हात बांधून झाला, दुसरा धरायच्या आत ते उठले. न्हाणीत गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ. दिवसभर जेवले नाहीत.

फाटकाबाहेर गणपत उभा होता. कधीपासून, माहीत नाही.

१२, मंगळ.
दांडा पहिल्याच झटक्याला जुळला. काल काय झालं होतं त्याला?

बोल्ट कसले, पाइप जोडले, तेल भरलं, पंपातली हवा काढली. चालू झालं तेव्हा धुराने अंगण भरलं. शांता ओसरीवर, गोदा फाटकापाशी, दोघी कानावर हात ठेवून.

माती पोत्यांत भरून गाडीत टाकली, वजन पाहिजे म्हणून, आणि केळझरपर्यंत जाऊन आलो. किसन चालवत होता. चढावर गिअर बदलला, गाडीने उचल खाल्ली. तिथे थांबून दोघं खाली घुसलो. बोट फिरवलं. कोरडं. परत येऊन पुन्हा पाहिलं. कोरडं.

किसनने या आठवड्यातली पहिली शिवी दिली. आनंदाची.

घरी आलो तर कोतवाल ओसरीवर. उद्या तिन्हीसांजेला पंच चावडीवर बसणार, आबाजींनी यावं. आबांनी मान हलवली.

१३, बुध.
दुपारी दोन पंच येऊन गेले. आतल्या खोलीत बोलले. गेल्यावर आबांनी मला बोलावलं. हाताच्या पट्ट्या शांताने बदललेल्या.

"ते म्हन्तात, सांगा का इंजिन पडून राह्यलं होतं, पोराचं नुकसान होईन, म्हनून धरलं. खाली कोन हाये ते पाह्यलं नाई. एवढं बोललो का मिटलं."
"आणि तसं नाही बोलले तर?"
"तर जे किसनले, ते आपल्याले."

त्यांनी पागोटं मांडीवर घेतलं, उलगडलं, पुन्हा गुंडाळायला लागले. दुखऱ्या हातांनी जमत नव्हतं, मदत घेईनात.

"वसंता, तू समोर होता. कोनासाठी धरलं म्या?"
"तुम्हालेच माहीत, आबा."
"मले माहीत नाई." पागोटं पुन्हा उलगडत, "खरंच नाई रे."

मी सांगायला पाहिजे होतं का? मला तरी काय माहीत. मी तेव्हा इंजिनकडे बघत होतो.

दिवस कलताना गेले. एकटे. मी सोबत निघालो तर नको म्हणाले.

किसन आला, फाटकातच थांबला. "काई बी सांगोत. गाडी सकाळी निघन. डिझल भरून ठेवलं." पण गेला नाही. गाडीच्या पायरीवर बसला आहे. शांताने त्याला आज घरातल्या कपात चहा नेला. घेतला.

चावडी इथून दिसत नाही, आवाज येतो. मघापासून तीन-चार जणं एकदम बोलताहेत. एकदा कोणी हसलं. कोतवाल खाकरला.

आता सगळे गप्प झाले. आबा बोलत असतील.